दगडी कोळशाचा धूर

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेत रसायनशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षिकेने काय बोलावे, हा प्रश्न आमंत्रण हाती आल्यावर मला पडला होता. त्याचे उत्तर इथल्याच एका कपाटाने दिले. गेल्या महिन्यात संदर्भ विभागातील एक जुने कपाट मी उघडून घेतले, तेव्हा पुस्तकांच्या आधी त्यातला वास भेटीला आला. तो होता डांबराच्या गोळ्यांचा. ज्यांचे बालपण अशा कपाटांपुढे गेले त्यांना तो वास म्हणजे वाचनालयाचाच वास वाटतो, मलाही वाटतो. या गोळीला इंग्रजीने नाव दिले ते कसरीवरून. आपण दिले ते ती जिच्यातून निघाली त्या वस्तूवरून. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मराठी नाव अधिक नेमके आहे. कारण ही गोळी नॅफ्थलीनची, आणि नॅफ्थलीन मिळवले जाई ते दगडी कोळशाच्या डांबरातून.

दगडी कोळसा बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवला की त्याचे तीन भाग होतात. एक जळाऊ वायू; १८६० च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते याच वायूवर. दुसरा कोक, जो लोखंडाच्या भट्टीला लागतो. आणि तिसरे, तळाशी साचणारे काळे, चिकट, उग्र वासाचे डांबर. या डांबरात शेकडो संयुगे असतात. त्यांतल्या एका मोठ्या कुळाबद्दल मी आज बोलणार आहे. नॅफ्थलीन हे त्या कुळातले सर्वांत लहान आणि त्यातल्या त्यात सौम्य भावंड. सौम्य म्हणजे निरुपद्रवी मात्र नव्हे. विशिष्ट आनुवंशिक दोष असलेल्या तान्ह्या मुलाला या गोळ्यांच्या कपड्यांत गुंडाळले, तर त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून प्राणावर बेतू शकते. बाळंतविड्यातल्या दुपट्यांत ही गोळी कधीही ठेवू नये, एवढे जाता जाता सांगून ठेवते.

आणखी एक शब्द आधी स्पष्ट करायला हवा. आपल्या भाषेत नुसते ‘कोळसा’ म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर लोणाऱ्याने भट्टी लावून केलेला लाकडी कोळसा येतो. खाणीतून आलेला तो ‘दगडी कोळसा’. हा भेद महत्त्वाचा आहे. लाकडी कोळशातील उडून जाणारा अंश भट्टीतच बराचसा निघून गेलेला असतो. दगडी कोळशात तो शिल्लक असतो, आणि आपली सारी गोष्ट त्या अंशाभोवती फिरते. अर्थात दोन्हींच्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तितकाच घातक. हिवाळ्यात खोलीची दारे लावून शेगडीपाशी झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती त्या वायूमुळे. पण ते मरण एका रात्रीतले. मी सांगणार आहे ते वीस-तीस वर्षांनी येणारे आहे, आणि म्हणूनच ते धुराच्या नावावर सहसा मांडले जात नाही.

दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षे दाबला गेलेला वनस्पतींचा गाळ. त्यातला कार्बन सहा-सहा अणूंच्या कड्यांत बांधलेला असतो. मधाच्या पोळ्याची घरे जशी भिंतीला भिंत लावून असतात, तशी ही कडी एकमेकांना चिकटतात. दोन जोडली की नॅफ्थलीन, तीन एका ओळीत जोडली की अँथ्रासीन, चारांच्या एका रचनेला पायरीन म्हणतात, आणि पाच कड्यांच्या एका विशिष्ट मांडणीला बेंझोपायरीन. सगळ्या कुळाचे नाव बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने असे लांबलचक आहे. आपण त्यांना बहुवलयी संयुगे म्हणू.

ही संयुगे थोडीफार कोळशात मुळातच असतात. पण धुरात येणारी पुष्कळशी जळताना नव्याने तयार होतात, आणि तीही नीट जळण्यात नव्हे तर अर्धवट जळण्यात. पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि पुरेसा वेळ मिळाला, तर कोळशातला कार्बन जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. यातले एक जरी कमी पडले, तरी तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांचे हात धरतात आणि कडी बनतात. धूर थंड होऊ लागला की ती काजळीच्या कणांवर जाऊन बसतात. हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या अगदी आतल्या पिशव्यांपर्यंत जातात. तेव्हा आपल्या डोळ्यांना झोंबतो आणि खोकला आणतो तो धुराचा एक भाग, आणि जो काही जाणवूच देत नाही तो दुसरा.

हे सारे आज आपण सहज सांगतो. पण ते कळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्याची सुरुवात झाली लंडनच्या धुराड्यांत.

लंडन शहर लाकूड सोडून दगडी कोळशावर गेले तशी घरांची धुराडी अरुंद झाली. काही ठिकाणी त्यांची रुंदी जेमतेम नऊ इंच असे. कोळशाची काजळी चिकट. ती खरवडायला आत माणूसच जावा लागे, आणि नऊ इंचांत जाणारे माणूस म्हणजे पाच-सहा वर्षांचे उपाशी पोर. अनाथाश्रमांतून आणि गरीब आईबापांकडून ही मुले घेतली जात. ती अंगावर जवळजवळ काही न घालता धुराड्यात चढत, काजळीच्या पोत्यांवर झोपत आणि क्वचितच आंघोळ करीत. या मुलांपैकी जी जगली, त्यांना मोठेपणी वृषणाच्या त्वचेवर एक न भरणारा व्रण होई. त्यांच्या धंद्यात त्याला ‘काजळीचा चामखीळ’ म्हणत. डॉक्टर मंडळी तो गुप्तरोग समजून पारा देत. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली लिहिले, की हा कर्करोग आहे आणि तो त्वचेच्या घड्यांत साचलेल्या काजळीमुळे होतो. एखाद्या धंद्यातील वस्तूमुळे कर्करोग होतो हे वैद्यकाने पहिल्यांदा सांगितले ते असे. या मुलांच्या नशिबाविषयी पॉट यांनी लिहिलेला मजकूर मोजकाच आहे, पण तो शल्यचिकित्सेच्या ग्रंथात सहसा न आढळणाऱ्या कळवळ्याने लिहिलेला आहे.

यापुढचा भाग मला विशेष वाटतो. काजळीत नेमके काय आहे हे पॉट यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असणे शक्यही नव्हते. पण उपाय ठाऊक होण्यासाठी त्याची गरज नव्हती. काही वर्षांतच डेन्मार्कमधील धुराडी साफ करणाऱ्यांच्या संघाने आपल्या लोकांना रोज आंघोळ करण्याचा दंडक घातला, असे सांगितले जाते. पुढे १८९२ मध्ये हेन्री बटलिन या इंग्रज शल्यचिकित्सकाने, हा रोग युरोप खंडातील धुराडी साफ करणाऱ्यांत इतका विरळा का, याचा शोध घेतला. त्याला उत्तर मिळाले ते अंगभर घट्ट बसणाऱ्या पोशाखाचे आणि धुण्याचे. साबण, पाणी आणि कापड! इंग्लंडात मात्र १७८८ चा कायदा झाला, १८३४ चा झाला, १८४० चा झाला, आणि मुले चढतच राहिली. कारण मुलाचा खर्च लांब दांड्याच्या कुंच्यापेक्षा कमी होता. १८७५ च्या फेब्रुवारीत जॉर्ज ब्रूस्टर नावाचा कोवळा मुलगा धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कुठे खरोखर अंमलात येईल असा कायदा झाला. पॉट यांच्या लेखनाला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. आपण आज एक शताब्दी साजरी करीत आहोत. अशाही शताब्द्या असतात.

पुढची पायरी जपानात चढली गेली. डांबर हाताळणाऱ्या कामगारांना त्वचेचा कर्करोग होतो हे युरोपात दिसले होते, पण प्रयोगशाळेत प्राण्यावर तो कोणाला घडवता येत नव्हता. तोकियोच्या विद्यापीठात कात्सुसाबुरो यामागिवा आणि त्यांचे सहकारी कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना दगडी कोळशाचे डांबर लावायला सुरुवात केली. दर दोन-तीन दिवसांनी, त्याच जागी, महिनोन्‌महिने. इतरांनी हा प्रयोग सोडून दिला होता तो धीर सुटल्यामुळे. या दोघांनी वर्षभराहून अधिक काळ तो चालू ठेवला, आणि १९१५ साली त्यांनी प्रसिद्ध केले की सशांच्या कानांवर खरा कर्करोग उगवला आहे. यामागिवांनी त्या आनंदात एक हायकू रचल्याची नोंद आहे. त्यांना नोबेल मिळाले नाही. १९२६ चे पारितोषिक फिबिगर या डॅनिश शास्त्रज्ञाला, कृमींमुळे कर्करोग होतो या शोधासाठी मिळाले, आणि तो शोध पुढे चुकीचा ठरला.

डांबरातील शेकडो संयुगांपैकी गुन्हेगार कोण, हे शोधले लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या गटाने. त्यांतील इझ्राएल हिगर यांच्या लक्षात आले, की कर्करोग घडवणाऱ्या डांबरांतून एका ठरावीक प्रकारची प्रकाशदीप्ती दिसते. त्या दीप्तीच्या खुणेवरून माग काढत त्यांनी गॅसच्या कारखान्यातून दोन टन डांबराचा गाळ आणला आणि तो गाळत, स्फटिकवत, पुन्हा गाळत नेला. १९३३ मध्ये कुक, हेवेट आणि हिगर यांनी त्यातून फिक्या पिवळ्या रंगाचे स्फटिक वेगळे केल्याचे जाहीर केले. ते होते बेंझोपायरीन: वीस कार्बन, बारा हायड्रोजन आणि पाच कडी. वर्गात हे सांगताना मी नेहमी दोन टन या आकड्यापाशी थांबत असे. विषाची मात्रा किती सूक्ष्म आहे हे विद्यार्थ्यांना त्यावरून समजे, आणि माणसाची चिकाटी किती मोठी आहे हेही.

खरे पाहता बेंझोपायरीन स्वतः फारसे काही करीत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर त्याला लघवीवाटे सहज बाहेर टाकू शकत नाही. मग शरीरातील विकरे त्याला ऑक्सिजन जोडून विरघळण्याजोगे करू पाहतात. या धडपडीत एक अत्यंत क्रियाशील रूप तयार होते, आणि ते पेशीच्या गुणसूत्रांतील डीएनएला जाऊन चिकटते. पाहुण्याला निरोप द्यायला म्हणून वाटेत घालावे आणि त्याने तिजोरीच्या खोलीचीच वाट धरावी, तसे. १९९६ मध्ये असे दाखवण्यात आले, की फुप्फुसाच्या कर्करोगात पी-५३ या रक्षक जनुकात ज्या ठिकाणी बिघाड वारंवार आढळतात, नेमक्या त्याच ठिकाणी हे रूप चिकटते. पॉट यांनी संशयित दाखवला त्याला तोवर २२१ वर्षे झाली होती.

मधला एक प्रसंग सांगायलाच हवा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पोलाद कामगारांच्या मृत्यूंची पाहणी चालू होती. सरासरी काढली तर पोलाद कामगार इतरांसारखेच दिसत होते. मग विल्यम लॉइड यांनी कोकभट्टीचे कामगार वेगळे काढले, आणि त्यांतही भट्टीच्या माथ्यावर, झाकणे उघडून कोळसा ओतण्याचे काम करणारे वेगळे काढले. १९७१ च्या त्यांच्या लेखातून दिसले, की माथ्यावर पाच वर्षांहून अधिक काळ पूर्णवेळ काम केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या दहापट आहेत. त्या जागेवर प्रामुख्याने कृष्णवर्णीय कामगार नेमले जात. सरासरी काढली की धूर विरून जातो. तो कोणाच्या नाकासमोर निघतो हे विचारल्याशिवाय दिसत नाही.

आता मी तुम्हांला चीनच्या युन्नान प्रांतातल्या शुआनवेई नावाच्या डोंगराळ परगण्यात नेते, कारण घरातल्या चुलीबद्दल आपल्याला जे खात्रीने ठाऊक आहे, त्यातले बरेचसे त्या परगण्यातील शेतकरी स्त्रियांनी आपल्या आयुष्याची किंमत देऊन शिकवलेले आहे.

चीनमध्ये १९७३ ते १९७५ या काळात झालेल्या कर्करोगाच्या मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीत एक विचित्र नोंद पुढे आली. शुआनवेईत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण देशात सर्वाधिकांपैकी होते. पुरुषांत ते लाखामागे सुमारे २८, स्त्रियांत सुमारे २५. त्या काळची चीनची सरासरी पुरुषांत लाखामागे ७ पेक्षा कमी आणि स्त्रियांत ३ च्या आसपास. म्हणजे स्त्रियांत जवळजवळ आठपट. तेव्हा जगात बहुतेक ठिकाणी हा रोग पुरुषांत जास्त, कारण तंबाखू ते अधिक ओढत. शुआनवेईतले पुरुषही ओढत. पण तिथल्या स्त्रियांत धूम्रपान करणारी हजारात एखादी. कारखाने नाहीत, मोटारी नाहीत. तरीही नवराबायको सारख्याच प्रमाणात जात होती.

बीजिंगचे हे शिंगचौ आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील रॉबर्ट चॅपमन व ज्यूडी ममफर्ड यांच्यासारखे संशोधक तिथे गेले. घराच्या मधोमध जमिनीत खणलेला खड्डा, त्यात जाळ, त्यावर भांडे. धुराला वाट म्हणून काही नाही. धूर छपराच्या फटींतून निघेल तेवढा निघेल. मुली दहा-बारा वर्षांच्या झाल्या की त्या खड्ड्यापाशी बसू लागत आणि म्हातारपणीच तिथून उठत. निसर्गाने मात्र एक गोष्ट संशोधकांना आयती मांडून ठेवली होती. रस्ते नव्हते, म्हणून ज्या गावाजवळ जे जळण निघे तेच तिथे जळे. काही गावांत भरपूर धूर करणारा बिट्युमिनस दगडी कोळसा, काहींत जवळजवळ न धुरावणारा अँथ्रासाइट, तर काहींत लाकूड. राहणी सारखी, खाणे सारखे, चूल सारखी, फरक जळणाचा. १९८७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ममफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. मृत्यू धुराच्या कोळशामागे जात होते, तंबाखूमागे नव्हे. लाकडाचा धूर डोळ्यांना काही कमी नव्हता, पण धुराच्या कोळशाच्या घरांतील कण फारच बारीक होते आणि त्यांत बहुवलयी संयुगांसारखी सेंद्रिय द्रव्ये ठासून भरलेली होती. स्वयंपाक करणारी बाई जेवढे बेंझोपायरीन श्वासात घेत होती, ते कोकभट्टीच्या कामगाराच्या तोलाचे निघाले. पेनसिल्व्हेनियातल्या भट्टीच्या माथ्यावरचा माणूस आणि शुआनवेईतली चुलीपुढची सून एकाच पंक्तीला बसली.

पुढच्या पाठपुराव्याचे आकडे मी पुनःपुन्हा तपासून पाहिले, इतके ते अविश्वसनीय वाटले. जन्मभर धुराचा कोळसा वापरणारे २७,३१० आणि जन्मभर बिनधुराचा वापरणारे ९,९६२ अशा लोकांची १९७६ ते १९९६ ची नोंद तपासून २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले. धुराच्या कोळशाच्या घरांत सत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याची शक्यता पुरुषांत १८ टक्के आणि स्त्रियांत २० टक्के, म्हणजे दर पाच बायकांमागे एक. बिनधुराच्या कोळशाच्या घरांत अर्ध्या टक्क्याहून कमी. सर्वांत जास्त ओढणाऱ्या धूम्रपींच्या तोडीचा हा धोका, आणि तो विडीला कधी हातही न लावलेल्या बायकांचा.

एकाच परगण्यातला हा कोळसा इतका जहाल का, यावर अजून एकमत नाही. काहींच्या मते सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या थरातून तो निघतो, त्यात गारेचे अतिसूक्ष्म कणही आहेत आणि तेही फुप्फुसात जातात. २०१९ मधल्या एका अभ्यासाने बोट दाखवले ते बेंझोपायरीनकडे नव्हे, तर त्याच्याच कुळातल्या ५-मिथाइलक्रायसीनकडे. मला हा इशारा महत्त्वाचा वाटतो. हवेच्या मानकांत सगळ्या कुळातर्फे एकट्या बेंझोपायरीनचे नाव घालण्याची पद्धत आहे. भारताच्या २००९ च्या मानकांतही तसेच आहे: घनमीटरमागे वर्षाची सरासरी एक नॅनोग्रॅम. एका भावंडाची हजेरी घेऊन घर ओळखण्यासारखे हे आहे. उपयोगाचे, पण पुरेसे नव्हे.

मात्र उपाय काय, यावर वाद राहिलेला नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शुआनवेईत लोक खड्डा सोडून धुराडे असलेल्या चुली बांधू लागले. चिंग लान आणि सहकाऱ्यांनी २१,२३२ शेतकऱ्यांची नोंद तपासली. सुरुवातीला हे सगळे उघड्या खड्ड्यावर होते आणि त्यांतले चार-पंचमांश पुढे धुराड्याच्या चुलीवर गेले. २००२ साली त्यांनी लिहिले, की चूल बदललेल्या घरांत या रोगाचा धोका पुरुषांत सुमारे ४१ टक्क्यांनी व स्त्रियांत ४६ टक्क्यांनी उतरला. कोळसा तोच, बाई तीच, भांडे तेच. फक्त धुराला छपरावर जायला वाट मिळाली. मात्र हा फरक स्पष्ट दिसायला चूल बदलल्यापासून सुमारे दहा वर्षे गेली. २००६ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. पुष्कळ वाचकांना हे ठाऊक नसते, की तंबाखूचा धूर ज्या पहिल्या गटात आहे, त्याच गटात हाही आहे.

इथे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की मग आपल्या तेलंगणातल्या सिंगरेणीच्या खाणींचे आणि त्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांचे काय? येल्लंदूजवळ १८७१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांना हा कोळसा सापडला आणि निजामाच्या राज्याची रेल्वे व गिरण्या त्यावर चालल्या. बहुवलयी संयुगांपुरते बोलायचे तर उत्तर अनपेक्षित आहे. मोठ्या बॉयलरमध्ये कोळशाची पिठी भरपूर हवेत तेराशे-चौदाशे अंशांना जळते; किलोमागे निघणारी ही संयुगे घरातल्या शेगडीच्या हजारो पटींनी कमी असतात. त्या उंच धुराड्यांचे दोष वेगळे आहेत: गंधकाचा वायू, राख, पारा. ते लहान नाहीत, पण आजच्या विषयाचे नाहीत. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस जे धुके बसले आणि ज्याने तेव्हाच्या हिशेबाने चार हजार, पुढच्या फेरहिशेबाने सुमारे बारा हजार माणसे नेली, तेही मुख्यतः घराघरांतल्या शेगड्यांचे देणे होते, आणि १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा त्यामुळेच घरातल्या कोळशापर्यंत गेला. क्लोरीन असलेल्या कोळशातून अत्यल्प डायॉक्सिनही तयार होतात. २००१ च्या स्टॉकहोम करारात अशा न ठरवता निर्माण होणाऱ्या विषांच्या उगमांत घरगुती जळणही मोजलेले आहे. भारत २००६ पासून त्या कराराचा सदस्य आहे.

आणखी एक शंका मला व्याख्यानानंतर हमखास विचारली जाते, ती आधीच फेडते. निखाऱ्यावर भाजलेले वांगे वा कणीस खावे की नाही? करपलेल्या सालीवर ही संयुगे असतात हे खरे. पण भरीत करताना आपण ती साल काढूनच टाकतो. तूप-चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर उठतो तो मांसावर बसतो, तिथे थोडे सांभाळावे. खाणाऱ्यापेक्षा दिवसभर भट्टीपुढे उभा असलेला भाजणारा अधिक सोसतो.

आमचे बालपण काझीपेठच्या रेल्वे वसाहतीत गेले. दगडी कोळसा तिथे सहज मिळे. आई पहाटे शेगडी अंगणात नेऊन पेटवी. खाली गोवरीचा तुकडा, वर कोळशाचे लहान खडे, आणि मग अर्धा तास पिवळा-करडा, नाकात चढणारा धूर. निखारे लाल झाले आणि धूर थांबला, की ती फडक्याने कड्या धरून शेगडी आत आणी. पुढे मी रसायनशास्त्र शिकले तेव्हा कळले, की तिने रोज सकाळी कोळशातला उडून जाणारा अंश घराबाहेर घालवला होता. २००८ साली शुआनवेईसंबंधीचाच एक लेख वाचनात आला. तिथेही उचलून नेण्याजोगी शेगडी वापरणाऱ्या घरांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले होते, आणि संभाव्य कारण हेच दिले होते, की ती बाहेर पेटवून मग आत आणतात. तो लेख वाचताना मला अंगणातला तो अर्धा तास आठवला, आणि हेही आठवले, की त्या अर्ध्या तासात शेगडीला वारा घालत, पदराने तोंड झाकून, आई तिच्यापाशीच बसलेली असे.

आपल्या देशात आता कोळशावर स्वयंपाक करणारी घरे थोडी आहेत. २०११ च्या जनगणनेत लिग्नाइट आणि लाकडी कोळसा धरूनही ती १.४ टक्के होती, आणि त्यानंतर स्वयंपाकाचा गॅस पुष्कळ घरी पोहोचला. पण ही १.४ टक्के देशभर पसरलेली नाहीत. ती झारखंड-बंगालच्या कोळसापट्ट्यात दाटलेली आहेत. धनबाद-झरियाच्या परिसरात खाणीतून वेचून आणलेला कच्चा कोळसा घरापाशी ढीग रचून पेटवतात, त्याचा धूर संपेपर्यंत जाळतात आणि मग पाणी मारून विझवतात. उरतो तो हलका, न धुरावणारा कोळसा. दोन-दोनशे किलो सायकलला लादून, सायकल ढकलत माणसे तो मैलोन्‌मैल नेऊन विकतात. शहरातल्या हॉटेलवाल्याला आणि घरच्या बाईला तो पसंत पडतो, कारण तो त्यांच्या चुलीत धूर करीत नाही. त्याचा धूर आधीच निघून गेलेला असतो, ढीग पेटवणाऱ्याच्या दारात.